केन्मुनशी कुस्ती

पहिला पाहुणा रिंगणातल्या वाळूत पाठीवर आपटला आणि उठून खो खो हसायला लागला, तेव्हा कुठे मिनेयोच्या जिवात जीव आला.

जपानमधल्या आमामी बेटावरच्या या गावची ती प्रमुख. गावामागे वडांचं दाट रान, आणि त्यात इथल्या एक-दोन बेटांखेरीज जगात कुठेही नसलेले काळे ससे. पर्यटन कंपनीच्या सावादासाहेबांना त्या रानातून धबधब्यापर्यंत वाट काढायची होती. वाट झाली की सशांची बिळं तुडवली जाणार. पण गावातल्या पोरांना कामधंदा हवा होता, त्यामुळे पाहुण्यांना नको म्हणायचीही सोय नव्हती. आज त्यांची पहिली बोट लागली होती.

मग मिनेयोने जुनी रीत उकरून काढली. वडात केन्मुन राहतो. अंगभर केस, लांबलचक तंगड्या आणि कुस्तीचा भारी नाद. तो भेटला की कुस्ती खेळल्याशिवाय सोडत नाही. तेव्हा रानात जायचं तर आधी त्याला चीत करा, असं तिने पाहुण्यांना बजावलं. खिशात ऑक्टोपस असेल तर काढून ठेवा, त्याला बघून बिचारा पळत सुटतो, असंही वर सांगितलं. पाहुणे खूश झाले.

केन्मुन व्हायला तिने भाच्याला, एइकिचीला, तयार केलं होतं. काथ्याचा अंगरखा तिनेच शिवला. धाकधूक एवढीच होती की एइकिची म्हणजे आळशांचा राजा, जन्मात एक कुस्ती जिंकलेला नाही.

पण आज पोराच्या अंगात आलं होतं. धिप्पाड गडी, कॉलेजच्या पोरी, एक टकले न्यायाधीश, सगळ्यांना त्याने आस्मान दाखवलं. हरलेले पुन्हा रांगेत येऊन उभे राहत होते. सावादासाहेब तर शर्ट काढून उतरले आणि गडगडत थेट मिनेयोच्या पायाशी आले.

तिथूनच, वाळू थुंकत, ते म्हणाले, "बाई, राहू दे ती वाट. रानाचं नावसुद्धा कोणी काढत नाही. सगळ्यांना पुढच्या वर्षीही हाच पैलवान हवाय."

मिनेयोला आनंद आवरेना. दोन्ही हात वर करून ती तिथेच नाचायला लागली आणि तिच्यामागे सगळं गाव नाचलं.

बोट गेली. केन्मुन रिंगणाच्या काठावर बसला होता. साधी धापही लागली नव्हती. पोराने नाव काढलं म्हणून मिनेयोने त्याच्या आवडीचा उकडलेला ऑक्टोपस ताट भरून पुढे केला. तो किंचाळला आणि एका उडीत वडाच्या शेंड्यावर दिसेनासा झाला.

"पुरे झालं नाटक, खाली ये. गार होतंय," मिनेयो हसत ओरडली.

मागे होड्यांच्या शेडचं दार करकरलं. काथ्याचा अंगरखा काखेत धरून, डोळे चोळत एइकिची बाहेर आला.

"आत्या, जरा डोळा लागला गं. पाहुणे आले का?"