बिनमेणाचा पिकअप

शेवटचा स्क्रू निघाला. साएको मिनेगिशीने सैल केलेल्या तारांखालून पुढचा पिकअप अलगद उचलला, उताणा केला आणि ती थबकली.

मात्सुमोतो स्टेशनामागच्या तिच्या दुकानात जुन्या जपानी गिटारी सारख्या येत. गिटार कुठल्या कारखान्यातली, कुठल्या सालची, हे तिला बाहेरूनच कळे. खरी गंमत आत असे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसाएवढी तांब्याची तार. गिटारच्या तारांची थरथर पकडून तो ती स्पीकरकडे पाठवतो. चाळीसपन्नास वर्षांत कुणी ना कुणी तो बदललेला असतो, आणि बदलला की गिटारची किंमत उतरते. मूळचा कोणता, बदललेला कोणता आणि बदललेल्याची लायकी काय, हे विचारायलाच लोक तिच्याकडे येत.

आज समोर तोरिगोए नवराबायको बसले होते. दोघंही सत्तरीच्या पुढची. घर आवरून मुलीकडे, निइगाताच्या लहानशा फ्लॅटमध्ये निघाली होती. बोलत होत्या त्या किनुएबाई. हे चाळीस वर्षं आसामा गावातल्या एका ओनसेनच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याच्या, हॉटेलात वाजवायचे, म्हणाल्या, मागच्या रांगेत बसून, गिटारवर वाकून. सहा वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, श्वासाएवढा आवाज उरलाय, कुजबुजता येईल. पण ती खरखर ह्यांची ह्यांनाच ऐकवेना. ओठ मिटले ते मिटलेच. मुलीने माइक आणून दिला, तो खोक्यातून बाहेरसुद्धा आला नाही. तेव्हापासून दोघांच्या वाटचं त्याच बोलत होत्या. फ्लॅटमध्ये गिटार कुठे ठेवणार, शेजारी काय म्हणतील, म्हणून विकायची. म्हातारबुवा मान डोलावत होते. सगळ्यालाच डोलावत होते.

साएकोचं अर्धं लक्ष हातातल्या वस्तूकडे होतं. मागचा पिकअप मूळचाच होता, तळाच्या पत्र्यावर कारखान्याचा ठसा शाबूत. हा पुढचा मात्र कुठल्याच कारखान्याचा नव्हता. तारा जोडणारा धातूचा डाख अजून चकचकीत होता, म्हणजे पाचसहा वर्षांपलीकडचं काम नाही. आणि डाख देणारा हात सराईत. थेंब तांदळाच्या दाण्याएवढे, एकही पसरलेला नाही. पण तार ढिली गुंडाळलेली. वरचं झाकण काढून टाकलेलं. आणि गुंडाळीत मेण भरलेलंच नाही. मेण नसलं की तार आतल्या आत हलते, पिकअप वाटेल ते पकडू लागतो आणि स्पीकर किंचाळतो, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं.

तिने गिटार स्पीकरला जोडून तो चालू केला. पिकअपवर नखाने टिचकी मारली तर कुणी दार ठोठावावं तसा आवाज घुमला. तिच्या बाहीची सळसळसुद्धा ऐकू आली. साएकोला राहवेना. इतका चांगला हात इतकी बाळबोध चूक करील कशी? हे काम कोणत्या दुकानात करून घेतलं, असं तिने विचारलं.

तोरिगोएंनी स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं.

“अहो, तुम्ही?” किनुएबाई ओशाळल्या. “सामानाच्या खोलीत दार लावून हे चाललं होतं होय?”

साएकोने हसून विषय सावरला. तिच्याकडे त्याच सालचा एक मूळचा पिकअप होता. तो बसवला तर गिटारला अडीच लाख येन सहज येतील, असाच ठेवला तर दीडही कठीण, असं तिने सांगितलं. काम तासाभराचं.

“आणि हा काढलेला?” किनुएबाईंनी विचारलं.

“त्याची किंमत काहीच धरू नका. तो बिघडलेलाच आहे.”

मग बसवून टाका, असं किनुएबाई म्हणाल्या. साएकोने डाख देण्याची विजेची सळई तापत ठेवली. तेवढ्यात तोरिगोए उठले आणि त्यांनी गिटारवर हात ठेवला. शेवटचं वाजवावंसं वाटत असेल, असं वाटून साएकोने पिकअप परत जागेवर बसवला आणि गिटार त्यांच्या मांडीवर दिली.

त्यांनी वाजवली नाही. डावा पंजा तारांवर पसरून त्या मुक्या केल्या. उजव्या हाताने आवाजाचं बटण हळूहळू वाढवलं. स्पीकर किंचाळायला लागणार, तोच केसभर मागे घेतलं. नेमकं कुठे थांबायचं हे त्या बोटांना पाठ होतं. मग ते वाकले. इतके वाकले की ओठ पिकअपला टेकले.

किनुएबाई साएकोला गाडीची वेळ सांगत होत्या. त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या.

आधी नुसता श्वास आला. मग आवाज आला. खरखरीत, नदीतल्या गोट्यांवरून पाणी सरकावं तसा, पण शब्द न् शब्द कळणारा.

“किनुए, मिसोचं सूप खारट होतंय गं. सहा वर्षं सांगायचं राहिलं.”

साएकोने हात लांब करून तापत्या सळईचं बटण बंद केलं.

किनुएबाई उठल्या. त्यांनी आपलं स्टूल ओढत नेलं ते नवऱ्याकडे नाही, स्पीकरकडे. त्याच्या अगदी समोर बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि कापडी जाळीकडे बघत म्हणाल्या, “अजून काय काय राहिलंय?”