हळुवार ट्रम्पेट

प्रताप नगरच्या ज्येष्ठांना चिन्मयी जॅझचा इतिहास शिकवायची. मागच्या वर्गात ड्रम्सच्या दणदणाटानं सगळे वैतागले होते, म्हणून आज तिनं मुद्दाम ट्रम्पेटची एक हळुवार धून निवडली होती. कालपासून तिच्या कानांत बारीक शिट्टी वाजत होती, पण वर्ग संपल्यावर धंतोलीत डॉक्टरांना दाखवू, असं तिनं ठरवलं.

"लाव वं पोरी, वाट पाहून राहिलो ना आम्ही," यमुताई म्हणाल्या.

तिनं बटण दाबलं. काहीच ऐकू येईना. तिनं आवाज वाढवला, आणखी वाढवला, मग पूर्ण सोडला. स्पीकर बिघडल्याचं सांगायला ती वळली.



सगळ्यांनी कान घट्ट दाबून धरले होते आणि यमुताई जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या, पण चिन्मयीला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते.