पाचवा जोड

ठगूबाईंनी नवस केला, त्यांच्या सुनेने, भिकाबाईंनी, तो सांभाळला आणि भिकाबाईंच्या सुनेने, उषाबाईंनी, मरताना तो आपल्या सुनेच्या ओटीत टाकला. ती सून म्हणजे धुरपदाबाई. सत्तराव्या वर्षी त्या सुरतच्या संग्रहालयात, काळ्या दगडाच्या देवीसमोर, पाच नातवंडांना घेऊन उभ्या होत्या.

नवस साधा होता. घरात एका वेळी पाच लेकरे आपल्या पायांनी चालती असू देत, पाचही जण अनवाणी तुझा फेरा घालतील. तीन पिढ्यांत पाच कधी जमली नाहीत. जमू लागली तेव्हा गाव धरणाच्या पाण्याखाली गेले होते आणि देवी कुठे नेली हे कोणालाच ठाऊक नव्हते. शाळेच्या सहलीत नात सोनालीने ती पाहिली: नाक तुटलेले, कडेवर मूल, आजी सांगत असे अगदी तशी.

धाकटा नातू याच महिन्यात चालू लागला होता. थोरला नितीन उद्यापासून कापडाच्या लूमवर कामाला जाणार होता, आणि मिळवत्या पुरुषाला लेकरू म्हणत नाहीत. मधे एवढाच रविवार होता.

“आजी, पाटीवर ‘अज्ञात देवी’ लिहिलंय,” सोनाली म्हणाली.

“त्यास्ले व्हई अज्ञात. आपले नही.”

पहारेकरी जवळ आला. “माजी, फूल नहीं चढाना. हाथ नहीं लगाना.”

“आजूबाजूले फिरानं चालस ना?”

“फिरो ना, जितना फिरना है. देखने के लिए ही रखा है.” त्याने त्यांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिले आणि आपले स्टूल पुढे सरकवले. “पहले बैठो.”

“काम व्हवू दे,” धुरपदाबाई म्हणाल्या. गोडादऱ्याच्या घरून निघाल्यापासून त्या बसमध्येही उभ्याच होत्या.

दाराशी चपलांचे चार जोड ओळीने लागले. नितीन खांबाला टेकून राहिला, पायांत पांढरे बूट. समोर सहलीला आलेल्या शाळेच्या मुली तोंडावर रुमाल धरून हसत होत्या.

“आजी, ये मंदिर नहीं है. चार हैं ना? चार को घुमा दे,” नितीन म्हणाला.

धुरपदाबाईंनी आवाज चढवला नाही. तेवढे बळही उरले नव्हते.

“माले पाच लेकरं व्हयनात रे, नितीन. पन पाची येकदाव चालतांना कव्हयच दिसनात नही.”

नितीन खांबापासून बाजूला झाला. तो खाली वाकला. नाडीची गाठ सुटेना, तेव्हा त्याने बूट तसाच ओढून काढला, मग दुसरा, आणि जोड ओळीच्या शेवटी नेऊन ठेवला. मुलींकडे न पाहता त्याने धाकट्याला आपले बोट दिले.

पाच जण निघाले. धाकटा दोन पावले टाकी, थांबे, पुन्हा टाकी. नितीनने आपली ढांग त्याच्याएवढी आखूड केली. देवीच्या पाठीमागे ती पाचही क्षणभर दिसेनाशी झाली. धुरपदाबाईंनी श्वास धरून ठेवला. मग दुसऱ्या बाजूने एकेक डोके बाहेर आले: एक, दोन, तीन, आणि बऱ्याच उशिराने, शेजारी शेजारी, चार आणि पाच.

फेरा पुरा झाला.

त्यांनी पदर सारखा केला, डोळे मिटून तिन्ही सासवांची नावे क्रमाने घेतली आणि पहारेकऱ्याकडे वळल्या.

“दे भाऊ, आते तुनं स्टूल.”