परत न आलेले चौदा

“इथे सही करा, मिसेस कुबिचेक, की आपण सगळे सुटलो,” असं म्हणत संचालक लॉफग्रेननी पत्र पुढे सरकवलं.

व्लास्ता कुबिचेक राज्याच्या मानसिक आरोग्य परिषदेची अध्यक्ष होती. मुलगा लिओ वारल्यानंतर ती पहिल्यांदाच बैठकीला आली होती. येताना नेहमीसारखी खसखशीची कोलाची, म्हणजे सारण भरलेले छोटे गोड पाव, भाजून आणली होती.

मैलोन्मैल मक्याच्या त्या राज्यातून तेव्हा अनुदानाचे अर्ज टपालाने वॉशिंग्टनला जात. परिषदेचं पत्र जोडलेलं नसलं तर अर्ज तसाच परत येई. त्या पैशांवर मनोरुग्णांची तीन दिवसकेंद्रं चालत. मुदतीचा तो शेवटचा दिवस होता आणि टपाल कचेरी पाचला बंद होणार होती.

“यंदाचा अहवाल झकास आहे,” लॉफग्रेन म्हणाले. “आपल्या केंद्रांत येणारे चौदा जण वर्षभरात एकदाही इस्पितळात परत आले नाहीत.”

“त्यातला एक मी,” एर्नी म्हणाला. नऊ वर्षं इस्पितळात काढलेला एर्नी परिषदेत रुग्णांच्या वतीने बसे. “अगं, कर सही. केंद्र बंद झालं तर मी रोज सकाळी तुझ्याच दारात येऊन बसेन. झेपेल का तुला?”

सगळे हसले. व्लास्ताने चौदा जणांची यादी मागितली.

“नावं दाखवता येत नाहीत,” लॉफग्रेन म्हणाले. “कायदा आहे.”

“नावं नकोत. नंबर चालतील.”

यादी आली. तिचं बोट अकराव्या ओळीवर थांबलं. ३०८१. सहा वर्षं लिओच्या औषधांच्या प्रत्येक कागदावर तिने हा नंबर स्वतःच्या हाताने लिहिला होता.

“परत आला नाही, हे कसं ठरवता?” तिने विचारलं.

“पुन्हा भरती झाल्याची नोंद नसली, की आला नाही.”

तिने बोट उचललं नाही. लॉफग्रेननी वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“नोंदींच्या मशीनमध्ये ‘वारला’ असा रकानाच नाही हो,” ते हलकेच म्हणाले. “आता आकडा बदलायचा तर सगळा अर्ज पुन्हा टाइप करावा लागेल. आज तो जायचा नाही.”

एर्नीने हातातलं कोलाच बशीत ठेवलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

व्लास्ताने सही केली. लॉफग्रेननी श्वास सोडला. सहीखाली ‘पद’ अशी एक ओळ होती. तिथे ती बराच वेळ लिहीत होती.

ते वाचून लॉफग्रेननी हात पुढे केला. “हे एवढं पान मी नव्याने टाइप करून घेतो.”

“नाही, साहेब,” टायपिस्ट आर्लीन म्हणाली. “परिषदेच्या पत्रातला एक शब्दही आपल्याला बदलता येत नाही. तुम्हीच पाठ करून घेतलंय माझ्याकडून.” तिने पत्र पाकिटात घातलं आणि पाकीट चिकटवून टाकलं.

पाचला दहा कमी असताना अर्ज रवाना झाला. पदाच्या ओळीवर व्लास्ताने लिहिलं होतं: ‘क्रमांक ३०८१ची आई. तो परत आला नाही, हे खरं आहे. फेब्रुवारीत आम्ही त्याला पुरलं.’