देवाला मनाई

मेंढ्यांच्या जुन्या गोठ्यात रजिस्टर लग्नं लावायचा परवाना मिळावा म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. आज कौन्सिलच्या ऑग्डेनबाई तपासणीला आल्या. नियम कडक: रजिस्टर लग्न जिथे लागतं तिथे देवाधर्माची खूण नको, प्रार्थना तर नकोच नको. आणि माझ्या मदतीला कोण, तर गावचे पाद्री अँब्रोज! छपरावरचा पत्र्याचा देवदूत त्यांनीच उतरवला होता, आणि आता शिडीवर चढून तुळईवर कोरलेला क्रूस घासून काढून टाकत होते.

"कमाल आहे, पाद्रीबाबा! तुम्हीच देवाला हाकलताय? अहो, या हेस्टरबाई तुमची गिऱ्हाइकं पळवतील!" ऑग्डेनबाई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या.

"पळवू देत की," वरून उत्तर आलं.

ऑग्डेनबाई हसल्या. "बरं, दिला परवाना! पण लग्नाच्या वेळी देवाचं नाव कुणाच्या तोंडून निघता कामा नये. पहिलं लग्न कुणाचं?"

"अजून कुणी विचारलंच नाही," मी म्हणाले.

"मी विचारतोय." अँब्रोज शिडीवरून उतरले. केसांत भुसा, कान लालेलाल. "आयुष्यभर चर्चमध्ये दुसऱ्यांची लग्नं लावली. एकदा तरी समोरच्या बाजूला उभं राहावं म्हणतो. हेस्टरबाई, तुमच्या... तुझ्या शेजारी."

"अरे देवा!" मी किंचाळले.

"आज चालेल," ऑग्डेनबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मात्र नुसतं 'हो' म्हणा."