बोकडाचा रिपोर्ट

"खोट तुमच्या शेळीतच आहे," अंबादास प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा. शेळ्या गाभण राहत नाहीत म्हणून शेवटी गिऱ्हाइकं भांडायला उठली, तेव्हा त्याने आपल्या पैदाशीच्या बोकडाचं रक्त तपासायला दिलं.

सोमवारी जनावरांचे डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. अंबादास द्राक्षबाग फवारून, पाठीवरचा पंप उतरवून नुकताच जेवायला बसला होता.

"गिऱ्हाइकांच्या शेळ्या मी तपासल्या, धडधाकट आहेत," डॉक्टर म्हणाले. "बोकडाचंच हार्मोन घसरलंय. बागेतलं फवारलेलं गवत खातो ना, त्याचा परिणाम दिसतोय."

"तो नुसतं गवत खातो. हे तर नऊ वर्षं तोंडाला फडकं न बांधता फवारतायत," चुलीवर उपासाची भगर ढवळत बायको म्हणाली. "यांचं रक्त कुठं तपासतात?"

डॉक्टर दारात बांधलेल्या बोकडाच्या पाठीवरून उगाच हात फिरवत राहिले.

ओसरीवरून आई उठली. नातवासाठी सुनेला नऊ वर्षं सोमवार धरायला तिनेच लावलं होतं. तिने अंबादासपुढचं पिठलं-भाकरीचं ताट उचलून सुनेपुढे ठेवलं आणि भगरीचं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं.

"रक्त उद्या दे," ती म्हणाली. "उपास आजपासून धर."