न केलेला पाळणा

आजारपणानंतर सासऱ्यांनी करवतीला हात लावला नव्हता. दुकान चालू राहावं म्हणून सून त्यांनी पूर्वी केलेल्या खुर्च्या-टेबलांच्या फोटोंच्या पोस्ट दुकानाच्या फेसबुक पानावर महिनाभरासाठी आधीच लावून ठेवायची. त्या ठरल्या दिवशी आपोआप जायच्या.

आज त्या रांगेत शेवटी एका पाळण्याचा फोटो होता. तिने तो लावलेलाच नव्हता. लग्नाला इतकी वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता.

"बाबा, हा कधी केलात?"

सासरे निरखत राहिले. "केलेलाच नाही. लाकडातली ही गाठ बघ. हीच गाठ असलेली फळी अजून कोपऱ्यात उभी आहे."

तिने पोस्ट काढून टाकली. ती पुन्हा आली.

सासरे उठले, फळी आडवी घातली आणि करवत चालवू लागले.

सुनेने परत फोटो उघडला. मघाशी पाळण्यातली चादर सपाट होती. आता तिच्याखालून एक इवलंसं पाऊल बाहेर आलं होतं.